एकरी किती पाणी पडते? फवारणी यंत्र मापून घेण्याची रीत

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ, खानापूर या पट्ट्यात औषधांच्या याद्या तयार होऊ लागतात. केवड्याला कोणते, भुरीला कोणते, थ्रिप्स दिसले तर काय, पाऊस लांबला तर काय, यावर बागेच्या कोपऱ्यावर आणि कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर तासन्‌तास चर्चा होते. ती व्हायलाच हवी. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेल्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागांचे काय केले, हे या भागाला कुणी सांगायची गरज नाही. मात्र या सगळ्या चर्चेत एक प्रश्न क्वचितच निघतो. तुमच्या यंत्रातून एका एकरावर नेमके किती लिटर पाणी पडते?

या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळवणे म्हणजेच फवारणी यंत्राचे कॅलिब्रेशन. त्याला महागडे उपकरण लागत नाही. बादली, मोजपात्र, टेप आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. एका सकाळचे काम आहे. पण ते केले नसेल, तर बाटलीवर लिहिलेला डोस कितीही काळजीने मोजून टाकला तरी शेतात पडणारा डोस अंदाजाचाच राहतो. सांगलीची द्राक्षे आणि हळद असोत, साताऱ्याचे आले आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असो किंवा दोन्ही जिल्ह्यांचा ऊस, हे सगळीकडे सारखेच लागू आहे.

लिटरला किती आणि एकराला किती

आपल्याकडे औषध विचारण्याची पद्धत "लिटरला किती टाकू?" अशी आहे. पिकावर आणि रोगावर होणारा परिणाम मात्र एकरावर एकूण किती औषध पोचले यावरच ठरतो. या दोन गोष्टींना जोडणारा दुवा म्हणजे एकरी पाणी.

मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींत लिटरमागे दिलेले प्रमाण पूर्ण विस्ताराच्या बागेला हेक्टरी १००० लिटर पाणी धरून काढलेले असते. म्हणजे एकरी साधारण ४०५ लिटर. समजा, एखाद्या बुरशीनाशकाचे प्रमाण लिटरला २ ग्रॅम आहे. पहिला बागायतदार ४०५ लिटर पाणी टाकतो, त्याच्या बागेत एकरी ८१० ग्रॅम औषध जाते. आता दुसऱ्या बागायतदाराच्या ब्लोअरमधून एकरी २०० लिटरच पाणी पडते आणि तोही लिटरला २ ग्रॅमच मिसळतो. त्याच्या बागेला ४०० ग्रॅम, म्हणजे निम्माच डोस मिळाला. तिसरा बागायतदार गनने बाग धुऊन काढतो, एकरी ६०० लिटर पाणी वापरतो आणि प्रमाण तेच ठेवतो. त्याच्या बागेत १२०० ग्रॅम गेले. तिघांनी एकच औषध, एकच प्रमाण वापरले. पहिल्याला परिणाम मिळाला, दुसऱ्याने औषधाला दोष दिला आणि तिसऱ्याच्या मालात काढणीच्या वेळी अवशेष सापडण्याची शक्यता वाढली.

निम्म्या डोसचे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. कमी डोसातून वाचलेली बुरशी आणि किडी पुढची पिढी तयार करतात आणि हळूहळू ते औषध लागू पडेनासे होते. जादा डोसाचे नुकसान तर निर्यातदार चांगलेच जाणतात. युरोपीय संघात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नसते, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागते. म्हणजे १०० टन द्राक्षांत अवघा १ ग्रॅम. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि त्या हंगामात बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. बाजार इतक्या बारकाईने मोजत असताना आपण अंदाजाने फवारणे परवडणारे नाही.

इथे एक भेद ध्यानात ठेवा. छाटणीनंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पाने थोडी असतात, म्हणून पाणी कमी लागते. तेव्हा लिटरचे प्रमाण तेच ठेवून पाणी कमी करणे योग्य, कारण भिजवायचा पानोराच लहान आहे. पण बाग पूर्ण भरलेली असताना केवळ यंत्र बारीक थेंब टाकते म्हणून पाणी कमी लागत असेल, तर एकरी डोस कमी होतोय का, हे पाहावेच लागते. अशा वेळी प्रमाण आपल्या मनाने दुप्पट करू नका. लेबल पाहा आणि तज्ज्ञांना विचारा, कारण तीव्र द्रावणाने पाने आणि मणी होरपळतात. जीए आणि बोर्डो मिश्रणात तर द्रावणाची तीव्रता फारच महत्त्वाची. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जीए म्हणजे १० पीपीएम, आणि १०० लिटरला १ किलो मोरचूद व १ किलो चुना म्हणजे एक टक्का बोर्डो. इथे तीव्रता वाढवून पाण्याची कसर भरून काढता येत नाही. यंत्रच योग्य पाणी टाकील असे जुळवून घ्यावे लागते.

मापनाआधी यंत्र नीट करा

बिघडलेले यंत्र मापून उपयोग नाही. आधी पुढील गोष्टी पाहा.

• टाकी, होस आणि जोड यांतून गळती नाही ना?
• टाकीच्या तोंडावरची, सक्शनची आणि नोझलमागची जाळी स्वच्छ आहे का? नोझल वारंवार तुंबते, त्याचे मूळ बहुधा फाटलेल्या जाळीत असते.
• प्रेशर गेज चालू आहे का? यंत्र बंद असताना काटा शून्यावर येत नसेल, तर गेज बदला.
• सगळी नोझल एकाच प्रकारची आणि एकाच मापाची आहेत का? ब्लोअरवर वरच्या आणि खालच्या बाजूला मुद्दाम वेगळी नोझल बसवली असतील, तर डावी-उजवी जोडी सारखी हवी.
• टाकीवरच्या लिटरच्या खुणा खऱ्या आहेत का? मोजपात्राने पाणी ओतून एकदा तपासा आणि चूक असेल तर स्वतः खूण करा.

नंतर प्रत्येक नोझलखाली भांडे धरून एका मिनिटात किती पाणी येते ते मोजा. सगळ्यांची सरासरी काढा. सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी देणारे नोझल तुंबलेले असते. ते काढून पाण्यात मऊ ब्रशने साफ करा. तार, सुई, टाचणी कधीही घालू नका. त्याने छिद्र बिघडते आणि थेंबांचा आकार कायमचा बदलतो. तोंडाने फुंकर मारणे तर जिवाशी खेळ आहे. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक पाणी देणारे नोझल झिजलेले असते. ते बदला. पाण्यात मिसळणाऱ्या पावडरी, गंधक आणि बोर्डो यांच्या सततच्या वापराने पितळी नोझल लवकर झिजते. सिरॅमिकचे बराच काळ टिकते.

सपाट पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलांवर रंगाची आंतरराष्ट्रीय खूण असते. पिवळे नोझल ३ बार दाबाला मिनिटाला सुमारे ०.८ लिटर, निळे १.२ लिटर, तर लाल १.६ लिटर देते. मात्र ब्लोअरवरच्या पोकळ शंकू नोझलांच्या रंगांचे गणित वेगळे असू शकते. म्हणून रंगावर विसंबू नका, मोजून पाहा.

पाठीवरचा पंप: गुंठ्याची चाचणी

पाठीवरच्या पंपासाठी आपल्या गुंठ्याइतके सोयीचे माप दुसरे नाही. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. हे कुणालाही शिकवावे लागत नाही.

१. ज्या शेतात फवारायचे तिथेच, तशाच सरीवरंब्यात किंवा गादीवाफ्यावर, ३३ बाय ३३ फुटांचा तुकडा आखून चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. रस्त्यावर किंवा अंगणात केलेली चाचणी उपयोगाची नाही, कारण ढेकळांतून आणि उतारावरून माणूस वेगळ्या चालीने चालतो.

२. पंप सपाट जागी ठेवून ठरावीक खुणेपर्यंत साधे पाणी भरा. औषध अजिबात नको.

३. जो माणूस फवारणार आहे, त्यानेच नेहमीच्या चालीने आणि नेहमीच्या उंचीवर लान्स धरून तो गुंठा फवारावा. उगवणपूर्व तणनाशक मारताना फवारलेली जमीन तुडवू नये म्हणून मागे मागे सरकत चालायचे असते. चाचणीही तशीच मागे चालत घ्या.

४. पंप पुन्हा त्याच सपाट जागी ठेवून मोजपात्राने खुणेपर्यंत पाणी भरा. जेवढे लिटर लागले, तेवढे त्या गुंठ्यावर पडले.

५. चाचणी तीनदा घ्या आणि सरासरी काढून तिला ४०ने गुणा. हे झाले तुमचे एकरी पाणी.

उदाहरण पाहू. उसातील एका तणनाशकाच्या लेबलवर एकरी १ किलो असे लिहिले आहे, असे धरा. तुमच्या माणसाने गुंठ्याला ४.५ लिटर पाणी टाकले. एकरी १८० लिटर झाले. पंप १५ लिटरचा असेल तर १२ पंप लागतील. १००० ग्रॅम भागिले १२, म्हणजे पंपाला ८३ ग्रॅम.

आता हेच ८३ ग्रॅमचे माप दुसऱ्या, झपाझप चालणाऱ्या माणसाच्या हाती द्या. तो गुंठ्याला ३ लिटर टाकतो, म्हणजे एकर ८ पंपांत संपवतो. शेतात गेले फक्त ६६७ ग्रॅम. तण उगवून आले की आपण म्हणतो, औषध बनावट होते. तिसरा सावकाश चालतो, गुंठ्याला ६ लिटर टाकतो, एकराला १६ पंप लावतो. त्याच्या हातून १३३० ग्रॅम पडले. उसाची पाने पिवळी पडली किंवा पुढच्या पिकाला त्रास झाला, तर नवल नाही. म्हणून माणूस बदलला की माप बदलते. गड्यांपैकी प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्या आणि ज्याच्या-त्याच्या पंपावर त्याचे माप रंगाने लिहा.

या मापनाचा आणखी एक फायदा म्हणजे शेवटचा पंप नेमका भरता येतो. तुकडा २८ गुंठ्यांचा असेल, तर १८० लिटरच्या हिशेबाने १२६ लिटर पाणी लागेल. आठ पंप पूर्ण आणि नवव्यात ६ लिटर पाणी, ३३ ग्रॅम औषध. उरलेले द्रावण कुठे ओतायचे हा प्रश्न उरत नाही, आणि "उरलेच आहे तर परत एक हात मारू" म्हणून बांधाकडच्या ओळींना दुप्पट डोसही मिळत नाही.

बॅटरी पंप वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. चार्ज उतरू लागला की दाब कमी होतो आणि पाणीही. पूर्ण चार्ज असताना मिनिटाला किती पाणी येते आणि काही तास चालवल्यावर किती, हे दोन्ही मोजा. फरक मोठा असेल, तर बॅटरी कितव्या पंपापर्यंत भरवशाची आहे ते ठरवून तिथेच थांबा. हाताच्या पंपात दांडा मारण्याची गती एकसारखी राहणे तितकेच गरजेचे आहे.

उसातील पट्टा फवारणी

कृष्णा आणि कोयनेच्या काठच्या शिवारात उसाच्या लागवडीची अंतरे जसजशी वाढत गेली, तसतसे सगळ्या जमिनीवर तणनाशक न मारता फक्त ओळीवर पट्ट्याने मारण्याची पद्धत रुजली. खर्च वाचवणारी ही पद्धत हिशेबात मात्र हमखास चुकते.

समजा, दोन ओळींत साडेचार फूट अंतर आहे आणि तुम्ही ओळीवर दीड फुटाचा पट्टा फवारता. म्हणजे फवारलेली जमीन एक तृतीयांशच. पूर्ण एकराला १ किलो औषध आणि १८० लिटर पाणी लागत असेल, तर पट्ट्याला ३३३ ग्रॅम आणि ६० लिटर, म्हणजे चार पंप. पंपामागचे ८३ ग्रॅम मात्र तेच. अनेक जण पट्टा पद्धतीतही एकराचा सगळा किलो त्या चार पंपांत संपवतात. त्या पट्ट्यावर तिप्पट डोस पडतो आणि तो थेट उसाच्या मुळाशी. औषधाचे हिशेब नेहमी प्रत्यक्ष भिजणाऱ्या जमिनीवर करा.

ट्रॅक्टरचा ब्लोअर

बागेत लहान ट्रॅक्टर आणि मागे ब्लोअर हे दृश्य आता सगळीकडे आहे. ब्लोअरने वेळ वाचतो आणि मजूर वाचतात, पण चूक झाली तर तीही तेवढ्याच वेगाने सगळ्या बागेत पसरते. म्हणून याचे मापन सर्वांत काळजीने करा. तीन आकडे लागतात.

पहिला आकडा, एकरातील ओळींची एकूण लांबी. एकराचे क्षेत्र ४३,५६० चौरस फूट. त्याला दोन ओळींतील अंतराने भागा. दहा फुटांच्या बागेत ४३५६ फूट, नऊ फुटांच्या बागेत ४८४० फूट, आठ फुटांच्या बागेत ५४४५ फूट. ट्रॅक्टर प्रत्येक गल्लीतून जातो असे यात धरले आहे. एक गल्ली सोडून चालवत असाल तर लांबी निम्मी धरा.

दुसरा आकडा, चाल. बागेत १०० फूट मोजून दोन खुंट्या ठोका. टाकी निम्मी भरलेली ठेवा, ज्या गिअरमध्ये फवारता तोच गिअर आणि तेवढीच थ्रॉटल ठेवा, पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवा. पहिल्या खुंटीच्या आधीपासून चाल पकडून १०० फुटांना किती सेकंद लागतात ते पाहा. जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजून सरासरी घ्या, कारण जमिनीचा थोडा उतारही फरक पाडतो.

तिसरा आकडा, मिनिटाचे पाणी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, टाकी काठोकाठ भरा. पंखा आणि पंप दोन्ही नेहमीच्या दाबाने सुरू करून घड्याळ लावून पाच मिनिटे फवारू द्या. बंद करून टाकी पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले पाणी मोजा आणि पाचाने भागा.

आता हिशेब. दहा फुटांच्या बागेत १०० फुटांना २५ सेकंद लागले. ४३५६ फुटांना १०८९ सेकंद, म्हणजे साधारण १८ मिनिटे. ब्लोअर मिनिटाला २० लिटर देत असेल, तर एकरी सुमारे ३६३ लिटर पाणी पडते. तुम्हाला ४०५ लिटर हवे असतील तर चाल कमी करा. ४०५ लिटर टाकायला सव्वावीस मिनिटे लागतील, म्हणजे १०० फुटांना २८ सेकंद. फक्त तीन सेकंदांचा हा फरक एकरी चाळीस लिटरपेक्षा अधिक पाण्याचा आहे. ड्रायव्हरने घाईत एक गिअर वर टाकला, तर काय होईल याची कल्पना यावरून यावी.

गल्लीच्या टोकाला वळताना फवारा बंद करण्याची सवय ड्रायव्हरला लावा. वळणावर उधळलेले पाणी बाग भिजवत नाही, पण टाकी मात्र संपवते आणि हिशेब बिघडवते.

ब्लोअरचे मापन केवळ लिटरांवर संपत नाही, पाणी कुठे जाते हेही बघावे लागते. छाटणीनंतर पानोरा लहान असताना ज्या नोझलांचा फवारा काडीच्या वर आकाशात किंवा खाली जमिनीवर जातो, ती बंद ठेवा. नोझल बंद केली की मिनिटाचे पाणी बदलते, म्हणून पुन्हा मोजा. मांडवाच्या बागेत वेली डोक्यावर असतात आणि वाय पद्धतीत दोन्ही बाहूंवर. दोन्हीकडे नोझलांची दिशा वेगळी लागते. त्यामुळे शेजाऱ्याच्या ब्लोअरचे माप आपल्या बागेला जसेच्या तसे लागू पडत नाही.

गन आणि एचटीपी

एचटीपी पंपाची गन हाताने फिरवायची असल्यामुळे तिचे मापन कठीण वाटते, पण त्यावरही सोपा उपाय आहे. टाकी भरून बागेतील दहा गुंठे नेहमीच्या पद्धतीने फवारा. जेवढे लिटर लागले, त्याला चारने गुणा. गनमध्ये एकरी पाण्यात चढउतार मोठा असतो. सकाळी ताजातवाना असलेला माणूस आणि दुपारी दमलेला माणूस यांच्यातही फरक पडतो. पानांवरून पाणी टपटपू लागले की पुढे जायला हवे. टपकलेले औषध जमिनीत जाते, पिकाला मिळत नाही. आटपाडी आणि माणच्या डाळिंब बागांत झाडे सुटी असतात, तेव्हा एका झाडाला किती लिटर लागते हे पाच-दहा झाडांवर मोजून एकरातील झाडांच्या संख्येने गुणणे अधिक सोयीचे ठरते.

पाणी कमी-जास्त करायचे तर काय बदलावे?

मापन झाल्यावर आकडा हवा तसा आला नाही, तर बहुतेक जण दाब वाढवतात. हा सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. दाब दुप्पट केला तरी पाणी साधारण ४० टक्केच वाढते. पाणी दुप्पट करायला दाब चौपट लागतो. शिवाय वाढलेल्या दाबाने थेंब फुटून धुके होते आणि ते वाऱ्याबरोबर उडून जाते.

चालीचा हिशेब सरळ आहे. चाल निम्मी केली की पाणी दुप्पट. थोडाफार बदल चालीने करा, मोठा बदल हवा असेल तर नोझलचे माप बदला. दाब मात्र त्या नोझलला शिफारस केलेल्या मर्यादेतच राहू द्या.

पिकाप्रमाणे नोझलही वेगळे. जमिनीवर तणनाशकासाठी सपाट पंखा किंवा फ्लड जेट, आणि दाब कमी. पानांच्या दाटीत शिरायचे असलेल्या बुरशीनाशकाला, कीटकनाशकाला पोकळ शंकू. हळद आणि आल्याच्या पानांवर पाणी घसरते, तिथे स्टिकर मिसळायची शिफारस असते. स्टिकरने पाण्याचे पसरणे बदलते, म्हणून पाने किती भिजतात ते पुन्हा पाहा.

थेंब पोचला का, हे डोळ्यांनी पाहा

एकरी पाणी बरोबर असूनही पानांच्या आत, घडांमध्ये औषध पोचत नसेल, तर काम अपुरे आहे. यासाठी पाणी लागताच पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. त्याच्या पट्ट्या बागेत वरच्या पानांवर, आतल्या पानांच्या मागच्या बाजूला आणि घडाजवळ क्लिपने लावा. साध्या पाण्याने एक फेरी मारा आणि पट्ट्या काढून पाहा. कीटकनाशकाला चौरस सेंटिमीटरमध्ये २० ते ३० थेंब पुरेसे मानतात. बुरशीनाशकाला ५० ते ७० हवेत. पूर्ण निळा झालेला कागद म्हणजे वाहून गेलेले पाणी. आतला कागद पिवळाच राहिला, तर पंख्याची हवा, नोझलची दिशा किंवा चाल यांत दुरुस्ती करा. केवडा पानाच्या मागच्या बाजूने वाढतो, म्हणून मागच्या पट्टीला सर्वाधिक महत्त्व द्या.

हे कागद मिळाले नाहीत, तर पाण्यात खाण्याचा गडद रंग मिसळून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवरही बऱ्यापैकी अंदाज येतो.

वारा, शेजार आणि पाण्याचे स्रोत

मिरज, पलूस आणि वाळव्याच्या शिवारात ऊस आणि द्राक्ष बांधाला बांध लागून असतात. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारताना उडालेले धुके द्राक्षवेलीला फार घातक आहे. या औषधाला द्राक्ष विलक्षण संवेदनशील असते. पाने पंख्यासारखी आकसतात, वाढ खुंटते. वारा बागेकडे असेल तर त्या दिवशी फवारणी नकोच. आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. कितीही धुतला तरी तो पंप द्राक्षबागेत आणू नका.

वारा मंद असताना, सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारणी करा. तापत्या दुपारी थेंब पानावर पोचण्यापूर्वीच सुकतो. महाबळेश्वर, जावळीकडे स्ट्रॉबेरीची तोडणी दोन-तीन दिवसांआड चालते आणि फळ सालीसकट कच्चे खाल्ले जाते, म्हणून तिथे तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ आणि अचूक डोस दोन्हींत तडजोड नको. त्याच डोंगरात मांघर आहे, २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेले. स्ट्रॉबेरीच्या परागीकरणालाही मधमाशी लागते. फुलांच्या काळात माश्या फिरत असताना कीटकनाशक मारणे म्हणजे आपलेच उत्पादन कमी करणे आहे. पंप धुतलेले पाणी विहिरीजवळ, ओढ्यात, कालव्यात सोडू नका. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता.

फवारणाऱ्याचा जीव

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजुरांचे प्राण गेले. ती आठवण सांगली-साताऱ्याच्या प्रत्येक मळ्यात जागी असायला हवी. मापन साध्या पाण्याने करायचे, याचे पहिले कारण हेच. गळणारा जोड, तुंबलेले नोझल आणि चुकीचा दाब हे दोष औषध टाकण्यापूर्वी सापडले, तर फवारणाऱ्याच्या पाठीवर आणि हातावर औषध सांडत नाही. प्रत्यक्ष फवारणीत हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट हवेतच. हे साहित्य मजुराला देणे ही मालकाची जबाबदारी आहे. मजुरीही पंपावर ठरवू नका, क्षेत्रावर ठरवा. पंपांच्या संख्येवर मजुरी दिली तर चाल बदलते आणि सगळे मापन वाया जाते.

केव्हा मापावे आणि काय लिहून ठेवावे

हंगामाच्या सुरुवातीला एकदा, नोझल बदलल्यावर, माणूस किंवा ट्रॅक्टर बदलल्यावर आणि पानोरा वाढल्यावर पुन्हा मापन करा. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, या दोन्हींआधीचे दिवस त्यासाठी सोयीचे. गावातील चार-पाच जणांनी एकत्र येऊन एकाच दिवशी सगळ्यांची यंत्रे मापली, तर काम सोपे होते आणि एकमेकांचे पाहून चुका कळतात. कांचनपूर, बोरगाव आणि कालवडे येथील कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांना त्या दिवशी बोलावता येईल.

वहीत किमान एवढे लिहा: तारीख, यंत्र, नोझलचे माप, दाब, गिअर, १०० फुटांचे सेकंद, मिनिटाचे लिटर, एकरी लिटर आणि फवारणाऱ्याचे नाव. निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंद ठेवावीच लागते. त्याच वहीत हे रकाने वाढवा. पुढे एखादी फवारणी लागू पडली नाही किंवा नमुन्यात अवशेष सापडले, तर दोष औषधाचा, हवामानाचा की यंत्राचा, हे या नोंदींवरून ठरवता येते. नोंद नसेल तर फक्त वाद उरतो.

या हंगामात औषधांची यादी करण्याआधी टेप, बादली आणि घड्याळ घेऊन बागेत जा. तुमच्या यंत्राचा एकरी आकडा मोजा आणि टाकीवर ठळक रंगाने लिहा. दुकानदार, सल्लागार किंवा शेजारी तुम्हाला "लिटरला किती" सांगेल, तेव्हा त्या आकड्याशी गुणून एकराला किती जाते ते स्वतः काढा आणि लेबलशी ताडून पाहा. जुळत असेल तरच टाकीत औषध ओता.